लाल नळ्यांचा मांडव

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. एक चाक मोडलेलं, डोक्यावरच्या दोन आकड्यांपैकी एक वाकडा. हसू नका, मित्रांनो! माझ्या आकड्यांना टांगलेल्या पिशव्यांवर जी पोरं जगली, त्यांची आता लग्नं झाली, बारशी झाली. मला कुणी आमंत्रण दिलं नाही. असो. दवाखान्यातल्या वस्तूंनी मानापमान धरू नये.

भोसरीतल्या एका कारखान्यात मला घडवलं आणि पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात आणून उभं केलं. तिथे मला अभय भेटला. चिमुकला होता, पण बोलायला भारी तिखट. त्याच्या अंगात रक्त टिकत नसे. थॅलेसेमिया म्हणतात त्या दुखण्याला. दर थोड्या आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, तेही ओ निगेटिव्ह, म्हणजे आधीच दुर्मिळ. उशाशी आई प्रेमलाबाई बसत आणि पायाशी मोठी बहीण शर्मिला चित्रं काढत बसे. एकदा कंटाळून अभयने सेफ्टी पिनेने माझ्या दांड्यावर आपलं नाव कोरलं. नर्सबाईंनी त्याचा कान पिळला. मला मात्र फार बरं वाटलं. तेव्हापासून मी त्याचा झालो.

मग चाक मोडलं. लंगड्याला कोण ठेवणार? आधी अडगळीत गेलो, मग भंगारात. जुन्या बाजारात तुटक्या पंख्यांशेजारी गंजत पडलो होतो, तेव्हा एक मुलगी वाकली आणि दांड्यावरचं नाव वाचून तिथेच रडायला लागली. ती शर्मिला होती. तिचं रडणं बघून भंगारवाल्याने लगेच भाव वाढवला. पुण्याचाच माणूस तो!

तिने मला विश्रांतवाडीला घरी नेलं. ती आता कलाकार झाली होती. रक्त, सुया, नळ्या, औषधांच्या बाटल्या हाच तिचा विषय. तिच्या कलेला इन्स्टॉलेशन म्हणतात. म्हणजे चित्र भिंतीवर लावायचं नाही, खोलीचंच चित्र करायचं आणि बघणाऱ्याने त्यात शिरायचं.

"म्हणजे पसारा," अभय म्हणाला. "मी केला की आई ओरडते, ताईने केला की पेपरात येतो."

आता प्रेमलाबाईंची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ओळखीतल्या ओ निगेटिव्ह माणसांना त्यांनी महिने वाटून दिले होते. एकदा रक्त दिलं की पुढचे तीन महिने देता येत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या महिन्यातच द्यायचं. गल्लीतल्या रोहनचा पावसाळा आणि पोस्टातल्या रतनकाकांचा मे. सुट्टीत कॉलेजं बंद होतात, लोक गावाला जातात, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. म्हणून मे महिन्याला त्यांनी सगळ्यांत भरवशाचा माणूस ठेवला होता.

शर्मिलाने चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहाराशेजारच्या हॉलमध्ये आपली कला मांडली आणि सोबत रक्तदान शिबिर ठेवलं. मधोमध मी. रक्त देणाऱ्याने बाहेर येऊन लाल पाण्याने भरलेली एक नळी माझ्या वर छताला टांगायची. दुपारपर्यंत माझ्या डोक्यावर लाल नळ्यांचा मांडव झाला. बाहेर ढोल, निळे झेंडे, भली मोठी रांग. काय देखणा दिसत होतो मी!

रांगेत रोहन होता. रतनकाकाही होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. महिने वाटून दिलेले सगळेच होते.

प्रेमलाबाई दारात आडव्या झाल्या. "तुम्ही नका देऊ हो आज. तुमचे महिने ठरलेत."

"अहो वहिनी," रतनकाका म्हणाले, "जयंतीला मागे राहू का मी? आणि आपल्याच पोरीचं शिबिर!"

"आई, माणसं मनापासून आलीत," शर्मिला म्हणाली. "जाऊ दे ना त्यांना."

प्रेमलाबाई बाजूला झाल्या. रतनकाकांनी माझ्यावर नळी टांगली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर एकदा अभयला रक्त सहज मिळालं, कारण रक्तपेढी तुडुंब भरली होती. पण रक्त म्हणजे काही बरणीतलं लोणचं नव्हे वर्षभर टिकायला. काही लोकांना चढलं, उरलेल्याची मुदत संपली आणि ते टाकून द्यावं लागलं. मे सरत आला. कौतुक आटोपलं होतं, नळ्या खोक्यात गेल्या होत्या आणि मी अभयच्या पलंगाशी उभा होतो. त्याला ताप भरला. तोंड पिवळंफटक पडलं, जिना चढताना धाप लागायची. वर्षानुवर्षं चढवलेल्या रक्तातलं लोह साठून त्याचं हृदय आधीच थकलेलं होतं. ज्या पेढीला विचारावं तिथे एकच उत्तर: ओ निगेटिव्ह नाही, तुमचा माणूस आणा.

शर्मिला माझ्याजवळ उभी राहून एकेकाला फोन लावत होती. "ताई, येतो की, पण घेतील का? आपल्याच शिबिरात दिलंय ना," रोहन म्हणाला. सगळे तेच म्हणाले. रतनकाका तर पेढीत जाऊन खोटं बोलले, कधीच दिलं नाही म्हणाले. पण तपासणीत त्यांचंच हिमोग्लोबिन कमी भरलं आणि त्यांना परत पाठवलं.

दवाखान्यात जाताना अभयने डोक्यावरची टोपी काढून माझ्या वाकड्या आकड्याला अडकवली. "सांभाळ रे लंगड्या. आलोच."

कोथरूडच्या कुणा अनोळखी बाईंनी रक्त दिलं. देव भलं करो त्यांचं. पण पिशवी वॉर्डात पोचली तेव्हा अभय गेला होता.

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला रडता येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

अभयच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला घर भरलं. वंदना झाली. मग रोहन मान खाली घालून म्हणाला, "ताई, अभयच्या नावाने मोठं शिबिर घेऊ. झाडून सगळे येऊ."

"नको!" शर्मिला एवढ्या जोरात ओरडली की लहान मुलं दचकली. "सगळे एकदम नका येऊ. पाया पडते."

तिने खोकं ओढलं आणि लाल पाणी मोरीत ओतत एकेक रिकामी नळी एकेकाच्या हातात दिली. "आपापल्या महिन्यात द्या आणि मग ही आणून टांगा. दुसऱ्याच्या लेकराला मिळेल. जून कोण घेतं? जुलै?" हात वर होत गेले. शेवटी तिने विचारलं, "मे?"

मग भिंतीशी बसलेले रतनकाका उठले. त्यांनी नळी घ्यायला हात पुढे केला.

"मे माझाच होता गं, बाई," ते म्हणाले आणि नळी घेऊन परत भिंतीशी जाऊन बसले.

पोरांनो, मोठे झालात की रक्त जरूर द्या. पण ढोल वाजतो त्या दिवशीच सगळ्यांनी धावू नका. कुणीच येत नाही त्या दिवशी या. माझ्या एका आकड्यावर अजून टोपी आहे. प्रेमलाबाई ती रोज झटकतात आणि परत तिथेच ठेवतात.