भैय्याजींची पांढरी गोळी

आमच्या घरात देव नाहीत. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सगळे देव नदीत सोडले. पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड मारतात त्या जत्रेत, डोकं फुटलेले लोक जखमेवर देवीचा अंगारा लावतात, याला माझा धाकटा भाऊ देवीदास पोट धरून हसायचा. मला विचारायचा, "राखेनं रक्त थांबते काय, शांताबाई?" असा हा शहाणा बोरगावच्या बॅटरी शेडमध्ये कामाला लागला आणि त्याची अक्कल चरायला गेली.

तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं भट्टीत वितळवायचे. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. कामगारांनी पंखा मागितला, तर मालक भैय्याजींनी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. रोज एक घ्या म्हणे, शिसं अंगाला शिवणार नाही. पंख्यापेक्षा गोळी स्वस्त, एवढं त्या लबाडाला बरोबर कळत होतं.

सुट्टी झाली की हे सगळे दारात रांग लावायचे. काळ्याकुट्ट तळहातावर गोळी पडायची आणि तशीच, न धुतलेल्या हातानं तोंडात जायची. शिसं आणि शिशावरचं औषध एकाच घासात!

"हात तं धुवत जा," मी देवीदासला म्हणायची.

"गोळी घेऊन राहिलो नं मी. आता हात कायले घासू?"

आधी त्याचं पोट दुखायला लागलं. मग पोळ्याच्या सुमारास उजवं मनगट लोंबलं, घास उचलवेना. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता काम सोडलं तर हात परत येईल, नाहीतर गेला.

"गोटमारीतले लोक निदान डोकं फुटल्यावर अंगारा लावतेत," मी त्याला म्हटलं. "तू तं अंगारा लावून रोज दगडापुढं डोकं करून राहिला."

काम सोडतो हे मालकाला सांगायला मी त्याला घेऊन शेडवर गेले. भैय्याजी दारातच उभे होते, नाकाला रुमाल लावून.

"अशक्तपणा आहे, शांताबाई. उद्यापासून दोन गोळ्या देतो."

"तुम्हीच खा दोन," मी म्हटलं, "अन् रुमाल काढून भट्टीपाशी उभे राहून दाखवा."

सगळे काम थांबवून बघत राहिले. भैय्याजींनी रुमाल आणखी घट्ट दाबला. आता तरी देवीदासचे डोळे उघडले असतील, असं मला वाटलं.

"पाह्यलं नं? चाल घरी."

देवीदास हलला नाही. लोंबणारा पंजा डाव्या हातानं वर धरून तो भैय्याजींपुढे सरकला.

"भैय्याजी, आजची गोळी द्या नं."