पहारेकऱ्याचा खटला

गुरुवार, ता. १७ जानेवारी १९३५. कान्हे गावापासून कोसभर आत असलेल्या एका लोकलबोर्डाच्या शाळेत, सकाळी अकरा वाजता, शाळातपासनीस साहेबांनी चौथीच्या सात वह्या एकामागून एक उघडल्या, आणि सातही कोऱ्या निघाल्या.

"पुस्तकाचा सारांश कुठे आहे, गुरुजी?"

महिपती गुरुजींच्या बोटांतला खडू केव्हाच चुरून गेला होता. बारा वर्षे हंगामी काढल्यावर कायम होण्याचा त्यांचा कागद साहेबांच्या आजच्या शेऱ्यावर अडला होता. गतवर्षी सगळ्या वह्यांत एकच सारांश, त्याच चुकांसह, उतरलेला सापडला; तेव्हापासून सारांश बंद करून, वडगावच्या कोर्टात चालतात तसे, पुस्तकातल्या माणसांवर ते खटले चालवू लागले होते.

"या पुस्तकाच्या वह्या नव्या आहेत, साहेब. निकाल लागला की त्यांत उतरवायचा. तीन आठवडे लागतच नाही."

"चालवा. पाहू."

पुस्तकातली गोष्ट साधी होती. गडाच्या आतल्या तळ्यात बुडणारे मूल काढायला पहारेकरी धावला आणि उघड्या राहिलेल्या दरवाजातून शत्रू गडात शिरला. मुलांपैकी भिमाजी सरकारी वकील, मुलींपैकी धोंडा आरोपीची वकील. न्यायासनावर नूरमहंमद पिंजाऱ्याची लेक उम्मेहानी.

"पोर त्याचं व्हतं का? न्हाई. मंग कशाला गेला?" भिमाजीने विचारले.

"तू बुडशील तवा आमी बी आसंच इचारू," धोंडा म्हणाली. "दरवाजाला कडी व्हती. पान बावीस. ती लावून जायाचं त्याला सुचलं न्हाई, येवढंच."

साहेबांनी पान बावीस काढले. कडी होती. गुरुजींना ती आजवर दिसलीच नव्हती.

साहेबांनी टाक उचलला. "मुलांनी पुस्तक वाचलंय, गुरुजी, हे मी लिहितो. पण चार ओळी तरी लिहवून घ्यायच्या होत्या. वरचे लोक वह्या मागतात. यंदा शिफारस करता येणार नाही."

गुरुजी खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग हातांवरची खडूची भुकटी झटकून ते न्यायासनासमोर उभे राहिले.

"निकाल द्या, बाई."

उम्मेहानीने एकदा साहेबांकडे, एकदा गुरुजींकडे पाहिले.

"पोर काढलं, ते बराबर केलं. कडी लावली न्हाई, ती चूक. शिक्षा व्हईल, पन पहाऱ्यावर त्यालाच ठेवायचा."