फाटू द्या मला

मी वाऱ्याची पिशवी बोलतेय. चिकलठाण्याच्या माळावर विमानं उतरतात, तिथल्या उंच खांबावर मी राहायची. दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळं पोटात काही ठरत नाही. वारा आत शिरला की फुगायचं आणि तो जिकडं जाईल तिकडं शेपूट करायचं, एवढंच माझं काम. वरून येणारा वैमानिक ते बघून उतरायची दिशा ठरवी.

निजाम सरकारच्या त्या दिवसांत मला जैतुनबीनं शिवलं. तिचा नवरा तंबू शिवायचा. तो गेल्यावर सुई तिच्या हाती आली. शेवटचा टाका घालून तिनं मला क्षणभर गालाशी धरलं होतं. ती ऊब अजून माझ्या कापडात आहे.

धावपट्टीचा राखणदार होता कडूबा. माझ्याआधीची पिशवी वादळात फाटली, तेव्हा त्याच्या वरच्या अंमलदारानं, दरोग्यानं, त्याला दम भरला होता, "पुन्हा सरकारी माल फाटला तर घरी बसशील!" तेव्हापासून वारा वाढला की तो मला खाली उतरवी, गुंडाळी आणि खांबाला करकचून बांधी. माणसांची ही रीत मला कधीच पटली नाही. जी वस्तू वाऱ्यासाठीच केली, तिला वाऱ्यातच लपवायचं!

वैशाखातली दुपार होती. जैतुनबी माझी उसवलेली कड शिवायला आली होती. पश्चिमेचा वारा अचानक पडला. शेंद्र्याच्या बाजूनं आभाळ काळवंडलं. कडूबानं मला घाईघाईनं बांधून टाकलं.

तेवढ्यात पूर्वेकडून हैदराबादचं विमान दिसलं. राहतसाहेब चालवत होते, आत आठ माणसं होती. सकाळचा पश्चिमेचा वारा धरून ते समोर उतरू लागले. पण जमिनीवर वारा उलटला होता, धूळ त्यांच्याच पाठीमागून पळत येत होती. उतरताना पाठीवर असा वारा बसला की पंखांखालचा आधारच सुटतो.

"कडूबाभाऊ, सोडा तिला!" जैतुनबी ओरडली.

"फाटंल ना, भाभी! माझी नोकरी जाईल."

"फाटू द्या! मी लाख वेळा शिवीन. वरची माणसं फाटली तर ती कोन शिवनार?"

कडूबा गाठ ओढू लागला, पण ती सुटेना. तिनं कात्रीनं दोरी कापली. मग मात्र त्यानंच सारा जीव लावून मला वर ओढलं.

मी फुगले, शेपूट पश्चिमेला ताणलं. टर्रकन फाटलेही. पण विमानाचं इंजिन गरजलं, खाली येणारी चाकं थबकली आणि ते सरळ वर निघालं. लांब फुलंब्रीकडं घिरट्या घालत राहिलं. वादळ सरल्यावरच उतरलं.

"वर एक वारा आणि खाली दुसरा असला की हट्ट करायचा नसतो," राहतसाहेब कडूबाला म्हणाले. "इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर निघायचं आणि थांबायचं. पण ते वेळेवर कळायला हवं ना!"

कडूबानं माझी चिंधी पुढं केली. "फाटली, साहेब."

"हो, म्हणून तर आम्ही वाचलो. चल, दरोग्याला ही मीच दाखवतो."

आज खांबावर माझी धाकटी बहीण आहे. मी जैतुनबीच्या घरी सुया-दोरे सांभाळते. वारा सुटला की कडूबा अजून धावत खांबाकडं जातो. पण आता ती वर नीट फडकतेय ना, एवढंच बघतो.

तुम्हीही तेवढंच बघा. वादळात खरं सांगणारं काही तुमच्याजवळ असेल, तर जपायचं म्हणून ते बांधून ठेवू नका. फाटू द्या. शिवणारे हात आहेत.