बाई आली बघ

गोरेगावच्या बाजारात शिवहार बोकड विकायला उभा होता. मागून एका लेकराची हाक आली, "याडी! ए याडी!" बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं पोरगं आईला हाक मारत होतं. पण त्याची आई वळायच्या आधी शिवहारच गर्रकन वळला. हा शब्द आपण नुसता ऐकलेला नाही, कधीतरी म्हटलेला आहे, असं त्याला वाटलं. मेंढरं राखणाऱ्या त्याच्या घरात आईला कुणीच याडी म्हणत नव्हतं.

घरी त्याची आई सत्यभामाबाई भाकरी थापत होती.

"बाई, मी लहानपणी याडी कोणाला म्हनायचो?"

आईचा हात परातीतच थांबला. "बाजारात काय बी आयकतूस अन् घरी आणतूस. जा, करडं बांध."

तो थांबलेला हात शिवहारच्या मनातून जाईना. मग लहानपणीचं जे जे आठवे, ते संशयाच्याच बाजूनं बोलू लागलं. धाकटी रागिणी आईला माय म्हणायची आणि तो बाई. रागिणीच्या पहिल्या पावलाची गोष्ट आई येईल त्या पाहुण्याला सांगायची, त्याचं विचारलं तर म्हणायची, "चाललास की सगळ्यांसारखा." बाजाराची वाट तांड्यातून सरळ जाते, तरी आई ओढ्याकडून वळसा घालून जायची. त्यानं बापाला, मसाजीला, विचारून पाहिलं. "तिला इचार," म्हणत मसाजीनं बिडी पेटवली.

शिवहार आरशात आपलं नाक निरखू लागला. ते बापासारखं नव्हतं.

"काहून रं दादा," रागिणी हसली, "आरशात नवरी दिसून राहिली का?"

शेवटी तो तांड्यावर गेला. पहिल्याच घरासमोर म्हातारी धुरपताबाई सोयाबीन पाखडत बसली होती.

"कोणाचा रं तू?"

"मसाजीचा. मेंढरंवाल्याचा."

तिनं सूप खाली ठेवलं. "शिवहार व्हय? लई उशीर केलास, बाप्पा."

"खरं सांग, मी तुहा हाय का?"

म्हातारी ठसका लागेपर्यंत हसली. "माहा असतास तर कोणाला दिला असता का? त्या साली आमच्याच वावरात तुमची मेंढरं बसवली व्हती. तुला गोवर निघाला. दिवाळी झाली, चाऱ्यामागं निघायची घाई, अन् एकट्या मसाजीला कळप आवरंना. मग तुही माय तुला माह्यापाशी ठेवून गेली. माह्या सुदामसंग तू बी अंगावर प्यालास. चालायला बी हितंच शिकलास."

"मंग ती लपवती काहून?"

"पावसाच्या तोंडाला परत आली, तर तू मलाच याडी म्हनत माह्या घागऱ्यात तोंड खुपसलं. जाईचनास. मी तुला समजावलं, बाई आली बघ, बाई आली. तू तेच धरून बसलास. ती रडत म्हनली, याला कधी सांगू नको. माहं लेकरू मला पाहुनीवानी हाक मारतं, हे गावाला कळू नये."

परतताना शिवहारनं तांड्याची सरळ वाट धरली. सत्यभामाबाई मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या काट्या सारख्या करत होती. मेंढरांवरची नजर काढून तिनं त्या वाटेकडं पाहिलं.

"तिकडून आलास."

"व्हय."

"काय म्हनली ती?"

आरशात त्याला स्वतःच्या डोळ्यांत दिसायचा, तोच संशय आता तिच्या डोळ्यांत होता. शिवहारनं 'माय' हा शब्द तोंडात जुळवला. रागिणीला किती सहज येतो! त्याची जीभ मात्र वळेना.

"बाई," तो म्हणाला, "भूक लागली."

"तिनं वाढलं न्हाई?"

"वाढत व्हती. मी म्हनलं, घरी बाई वाट बघत असल."

 हात धुऊन तिनं ताट मांडलं, पण नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलेना.

"आता जात राहशील तिकडं?"

"तू बी चल संगं."

"मी न्हाई," ती म्हणाली, आणि त्यानं मागायच्या आधीच त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.