अप्पांच्या शेजारची जागा

त्या विमानात जागांना नंबर नव्हते. आधी चढेल त्यानं हवी ती जागा घ्यावी. अप्पा चाकाच्या खुर्चीत, म्हणून त्यांना सगळ्यांच्या आधी सोडलं, पण सोबत एकालाच. मुलगी गेली. दादानं तिकीट ऐनवेळी काढलेलं, त्यामुळे तो शेवटच्या गटात.

तिनं अप्पांना खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला बसली आणि मधल्या जागेवर शाल टाकली. अप्पांचा छापखाना केव्हाच बंद झाला होता, आणि आता त्यांना रोजची माणसंही ओळखू येत नव्हती. घर सोडून गेलेला दादा वीस वर्षांनी, परवा हॉस्पिटलात उगवला. डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटल्यावर आपण होऊन म्हणाला, "पोचवायला मीही येतो." निदान हे दोन तास बापलेकांनी शेजारी बसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"भाऊ येतोय माझा," असं सांगून तिनं चौघांना परतवलं. मग एअर होस्टेस आली.

"मॅडम, जागा धरून ठेवता येत नाही. यांना बसू द्या."

शाल उचलावी लागली. मध्ये एक रंगारी बसला. दादा आत आला, तिघांकडे पाहून "असू दे गं," म्हणाला आणि मागे गेला.

विमान वर गेल्यावर अप्पांनी रंगाऱ्याचा हात हातात घेतला. त्याच्या नखांत रंग होता.

"शाई निघत नाही ना?"

रंगारी गोंधळला. तिनं खुणेनं 'हो म्हणा' सांगितलं.

"नाही निघत."

"कामगारांदेखत तुझ्यावर हात उचलायला नको होता मी. मजकूर मीच चुकीचा जुळवला होता."

पट्टा सोडून ती मागे गेली आणि दादाला घेऊन आली. रंगारी उठू लागला, पण अप्पा हात सोडेनात. दादाकडे बघून म्हणाले, "कोण हवंय आपल्याला? इथे माझा मुलगा बसलाय."

दादा वाटेतच उभा राहिला. रंगाऱ्याला काय उमगलं कोण जाणे. तो पुन्हा टेकला आणि म्हणाला, "अप्पा, मघाशी नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."

अप्पांनी सगळं परत सांगितलं. "अजून राग आहे का?"

रंगाऱ्यानं दादाकडे पाहिलं. दादानं नकारार्थी मान हलवली.

"नाही," रंगारी म्हणाला.

"बरं झालं," म्हणून अप्पांनी डोळे मिटले.

घरी आणल्यावर अप्पा अकरा दिवस जगले. दादा परत गेला नाही. त्यांना भरवायचा, पुसायचा, कूस बदलून द्यायचा. "आपण कोण?" असं ते रोज विचारत.

"घरचाच आहे," तो म्हणायचा आणि पुढचा घास पुढे करायचा.