सातव्या पायरीचा शाप

विद्यापीठाच्या घंटाघराच्या जिन्यातल्या सातव्या पायरीवर कोणी पाय ठेवत नाही. ठेवला तर परीक्षेत नापास, असा शाप आहे. तो शाप माझा आहे. मी इथला शिपाई.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती पायरी फुटली. गवंडी तिच्यात सिमेंट भरून जेवायला गेला आणि मला राखणीला बसवून गेला. परीक्षेचे दिवस, पोरं ऐकतात कुठे? शेवटी वैतागून ओरडलो, "जो पाय ठेवील तो नापास होईल!" सिमेंट संध्याकाळपर्यंत वाळलं, शाप अजून ओलाच आहे. कुलगुरू ढांग टाकून जातात. गुडघे बदललेल्या ग्रंथपालबाई कठड्याला लोंबकळून पलीकडे जातात. बाकीच्या पायऱ्या झिजून खोलगट झाल्या, सातवी कालच्यासारखी कोरी आहे.

आता इतिहासाचे सर इमारतीवर पुस्तक लिहितायत. त्यात म्हणे संस्थापकांचा मुलगा नापास झाल्याचं कळून सातव्या पायरीवर गतप्राण झाला. संस्थापकांचं लग्नच झालं नव्हतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर मी इथे घंटा वाजवली, फळे पुसले; या वास्तूत माझं म्हणावं असं एवढंच एक. तेही दुसऱ्याच्या नावावर?

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुरावा?"

"मी आहे की."

"मग ठेवा पाय सातवीवर. तुमचीच थाप, तुम्हाला कसली भीती? ठेवलात तर तुमची हकीकत छापतो."

मी सहावीवर उभा राहिलो. पाय उचलला. साडेतीन वाजले होते, आणि चार वाजता माझ्या मुलीचा शेवटच्या वर्षाचा निकाल होता. पाय हवेतच राहिला.

"अहो, ठेवा!"

"निकाल लागू द्या."

अर्धा तास मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उभा. सर एका हातात उघडी वही, दुसऱ्या हातात मोबाइलचा कॅमेरा धरून. चार वाजून पाच मिनिटांनी मुलगी धापा टाकत आली. "बाबा, पास! पहिल्या वर्गात!"

माझे डोळे भरून आले. आता कसली भीती? छाती फुगवून पाय उचलला, तोच तिने मागून कोपर धरलं.

"बाबा, नको ना."

"अगं, माझीच थाप आहे. लहानपणापासून शंभरदा सांगितलंय तुला."

"माहीत आहे हो." तिने कोपर सोडलं नाही. "पण पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. मग मी सातवी ओलांडली आणि आठवीवर पाय ठेवला.

पुस्तक आलंय. पान बावन्नवर माझा फोटो आहे, एक पाय हवेत. खाली लिहिलंय, 'शापाची सत्यता: अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतरही शिपायाचे धाडस झाले नाही.'

मुलीने ते पान चौकटीत लावून घेतलंय. नोकरी लागली तिला.