पार्टी प्लॉटवरचा मुकुट

संबळाचा आवाज. सगळ्यात आधी मी ऐकला तो तोच. आधी हळू, मग भरभर, असा की ऐकणाऱ्याच्या छातीत वाजू लागावा. त्या आवाजातच मला पहिल्यांदा कोणाच्यातरी डोक्यावर बांधलं.

मी मुकुट बोलतोय. सोन्याचा नाही हो. रद्दी कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि वरून पिवळा रंग, एवढाच माझा जीव.

साक्रीकडच्या एका लहानशा गावात सखारामच्या बापानं मला घडवलं. तिथं चैत्रात देवांची सोंगं निघायची. मला देवीच्या सोंगाला बांधत. ज्याच्या डोक्यावर मी, तो तेवढा वेळ देव. मग एरवी तो म्हशी का राखत असेना. त्याचा सख्खा बापसुद्धा चपला काढून त्याच्या पाया पडायचा. सोंग घेतलेल्यानं बोलायचं नाही. नुसतं समोर बघायचं.

पुढं गाव रिकामं होत गेलं. माणसं सुरतेला कापड विणायच्या लूमवर आली. सखारामही आला आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीत मी आलो. तिथल्या लिंबायत वस्तीतल्या खोलीत मी किती वर्षं पडून होतो, मला ठाऊक नाही. बाहेर लूमची खटखट चालायची. सोंगं घेणारे आता थकून यायचे, जेवायचे आणि झोपायचे. माझी एक बाजू झुरळांनी खाल्ली.

तिथून मला बाहेर काढलं वैशालीनं. शेजारच्या उखाची मुलगी. उखा लूम चालवतो, आई मालतीबाई घरी साड्यांना लेस लावते. वैशाली एका नाटकमंडळीत शिकाऊ म्हणून जायची. कपड्यांना इस्त्री, झाडलोट, चहा, सगळं तिच्याकडं.

"नाटक कधी करशील?" मालतीबाई विचारायची.

"आधी शिकवतात गं, आई."

"चहा करायला तर मीच शिकवला होता तुला."

त्याच दिवसांत धुळ्याहून एक स्थळ आलं. मामा उत्तराची वाट बघत होता. वैशालीला लग्न नको होतं, नाटक हवं होतं. उखा म्हणाला, "एकदाव माले तुनं काम देखू दे. मंग मी सांगसू." बापाच्या त्या एका शब्दावर पोरीचं सगळं अडलं होतं.

मंडळीला नाट्यगृह बांधायचं होतं. त्याच्या निधीसाठी डुमस रोडच्या एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नसमारंभाच्या मैदानावर, मोठी मेजवानी ठेवली. शिकाऊ मुलांनी तिथं सेवा म्हणून राबायचं. मंडळीच्या मोठ्या बाई सुषमाबेन वैशालीला म्हणाल्या, "तू गेट पे रानी बनके खडी रहेगी. पुतले जैसी. हिलना नहीं, बोलना नहीं. अच्छे से किया तो अगले नाटक में रोल पक्का."

मुकुट मागायला ती सखारामकडं आली. त्यानं माझी खाल्लेली बाजू कागदानं सांधली, वर सोनेरी जर चिकटवली.

"जपून, वैशू. देवीचा आहे हा."

"काका, उभंच तर राहायचंय."

घरी तिनं डुमस रोडच्या प्लॉटवर मोठा कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं. पुतळा व्हायचंय, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही.

संध्याकाळी दिवे लागले, कारंजं उडू लागलं. बायकांच्या गळ्यात हिरे इतके, की माझी जर मलाच मळकट वाटली. पाहुणे वैशालीला खेटून फोटो काढत. एकानं तर तिच्या डोळ्यांपुढं चुटकी वाजवली. "अरे, पलक भी नहीं झपकती!" दुसरी म्हणाली, "मुकुट तो देख, कबाडी से लाए हैं क्या?" वैशालीच्या घामानं माझं अस्तर भिजलं, पण पोर हलली नाही.

आणि मग दारात उखा दिसला.

खाडा करून आला होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, हातात नारळ. रखवालदारानं अडवलं, "काका, कामवालों का गेट पीछे है."

"मनी पोर शे आठे," उखा म्हणाला, आणि तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. मग रखवालदार राहिला बाजूला. उखानं चपला काढल्या, पुढं आला, नारळ पोरीच्या पायाशी ठेवला आणि डोकं टेकलं. गावात टेकायचे तसं.

लोक हसले. मोबाईल वर झाले. "ये भी प्रोग्राम में है क्या? बढ़िया है यार!" लूमच्या आवाजानं उखाचे कान अधू झालेत, त्याला यातलं फारसं ऐकू गेलं नसावं. त्यानं तोंड वर केलं. डोळे भरले होते. "माय, कितली चांगली दिखस वं!"

वैशाली बोलली नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही. सोंग बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सुषमाबेन धावत आल्या. "आ कोण छे? वैशाली, ये तेरे कोई हैं?"

तिच्या कानशिलावरची शीर माझ्याखाली थडथड उडत होती. ती पुतळ्यासारखी उभी राहिली असती तरी चाललं असतं. पण ती हलली. मान डावीकडून उजवीकडं गेली, पुन्हा डावीकडं आली. मी तिच्या डोक्याला बांधलेला. मीही हललो.

उखानं ते पाहिलं. सावकाश उठला. रखवालदारापुढं हात जोडून म्हणाला, "चुकनू भाऊ. माले वाटनं, मनी पोर शे."

काल रात्रीपासून मी वैशालीच्या घरी कपाटावर आहे. सखारामकडं मला पोचवायचं कोणाला सुचलेलं नाही. चिकटवलेली जर सुटलीय, अस्तर अजून ओलं आहे. माझी एवढीच विनवणी आहे: मला आता कोणाच्या डोक्यावर बांधू नका. बांधलंच, तर आधी त्याला विचारा, आपलं माणूस समोर आल्यावर तुझी मान कशी राहील?

खाली मालतीबाईनं डबा भरून ठेवला. तिला अजून काहीच माहीत नाही. "अहो, मामाचा फोन येईल. पोरीचं काय सांगू त्याला?"

उखा चहा पीत होता.

"बाबा," वैशाली दाराला टेकून म्हणाली, "मला रोल मिळाला."

त्यानं कप खाली ठेवला.

"बाबा, रागवा तरी. मारा मला."

उखानं तिच्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाला वाट द्यावी तसा जरा बाजूला सरकला, डबा उचलला आणि गल्लीतून चालत गेला.